बियाणे एकाच कणगीत

(वाकोला येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण सिंहाविषयी बोलू. त्याआधी प्रत्येकाने आपल्या खिशातला किंवा बटव्यातला एक रुपया बाहेर काढावा. नीट बघा. त्याच्यावर काय दिसते? सिंह दिसतात. एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. चौथा पाठीमागे आहे, म्हणून तो दिसत नाही. सम्राट अशोकाने सारनाथला दगडी खांब उभा केला होता. त्याच्या माथ्यावरचे हे सिंह. खाली बारीक अक्षरांत ‘सत्यमेव जयते’ असे लिहिले आहे. तेही वाचा. आता तुम्हांला वाचता येते.

आपल्या बोलण्यातही सिंह ठायी ठायी भेटतो. पुण्याजवळ सिंहगड आहे. राजा बसतो ते सिंहासन. पंचांगात सिंह रास आहे. नाशिकला बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. देवांमध्ये नरसिंह आहे. पण रानात? आपल्या महाराष्ट्राच्या रानात एकही सिंह नाही. वाघ आहे, तो ताडोबाला आणि मेळघाटाला. बिबट्या तर आपल्या शेजारी आरे आणि बोरिवलीच्या रानात आहे. सिंह मात्र नाही.

कोणी म्हणेल, “असं कसं गुरुजी? बोरिवलीला सिंह आहेत की. आम्ही पोरांना घेऊन गेलो, गाडीत बसलो आणि डोळ्यांनी बघितले.”

खरे आहे. सांताक्रूझला आगगाडीत बसले की थोड्या वेळात बोरिवली येते. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात सिंह बघायला मिळतात. पण ते जाळीच्या आत आहेत. त्यांना मांस वेळेवर मिळते. आजारी पडले तर डॉक्टर येतो. तिथले जुने सिंह म्हातारे होऊन एकेक करून मेले. मग २०२२ साली गुजरातेतल्या जुनागडच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून सिंहाची एक जोडी आणली. तिच्या बदल्यात आपण वाघाची जोडी दिली. असा हा देवाणघेवाणीचा सिंह. तो बघून पोरे खूश होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जो स्वतः शिकार करतो, स्वतः पिले वाढवतो, ज्याला कोणी दावणीला बांधलेले नाही, तो रानातला सिंह. आज आपण बोलणार आहोत ते त्याच्याविषयी.

रानातला सिंह आपल्या साऱ्या देशात एकाच मुलखात उरला आहे. तो मुलूख म्हणजे गुजरातेतला सौराष्ट्र, आणि तिथले गीरचे रान.

पूर्वी असे नव्हते. इराण-इराकपासून थेट आपल्या बिहारपर्यंत हा सिंह हिंडत होता. दिल्लीच्या आसपास होता, माळव्याकडे होता. नर्मदा ओलांडून तो आपल्याकडे आला नाही, असे जाणकार सांगतात. मग बंदुका आल्या. साहेब लोक आणि संस्थानिक यांना सिंहाची शिकार म्हणजे मोठी मर्दुमकी वाटे. एका बाजूने शिकार चालली, दुसऱ्या बाजूने रान तोडून शेती झाली. एकेका प्रांतातून सिंह नाहीसा झाला. विसावे शतक उजाडले तेव्हा आपल्या देशात तो फक्त गीरमध्ये राहिला होता, आणि तोही अगदी मोजका. जुनागडच्या नवाबांनी शिकारीला आळा घातला, म्हणून बीज तरी शिल्लक राहिले.

पुढचा हिशेब आकड्यांनी सांगतो. पाटीवर एकाखाली एक लिहून घ्या.

१९३६ साली सिंह मोजले, ते २८७ भरले.
१९६८ साली १७७.
२००१ साली ३२७.
२०१५ साली ५२३.
२०२० साली ६७४.
२०२५ च्या मे महिन्यात ८९१.

आता बघा. १९६८ साली आकडा फार खाली आला होता. त्याच्या आधीच, १९६५ साली, सरकारने गीरला अभयारण्य ठरवले होते. अभयारण्य म्हणजे जनावराला अभय देणारे रान. १९७५ साली त्यातला मधला भाग राष्ट्रीय उद्यान झाला. रानात मालधारी नावाचे गुरे पाळणारे लोक राहत होते. त्यांच्यापैकी बऱ्याच कुटुंबांना रानाबाहेर जमीन देऊन वसवले. चाऱ्यावरचा भार कमी झाला. हरणे वाढली, चितळ-सांबर वाढले. भक्ष्य वाढले तसे सिंहही वाढले. २०२५ च्या मोजणीत ३३० माद्या आणि २२५ लहान पिले होती. कोणत्याही गोठ्यात माद्या आणि वासरे भरपूर असली की धनी निश्चिंत असतो.

यात सरकारी खात्याचे श्रेय आहेच. पण एक श्रेय तिथल्या शेतकऱ्याचे आणि मालधाऱ्याचे आहे. सिंहाने गाय मारली तर त्यांना दुःख होते. सरकार भरपाई देते, पण घरची गाय ती घरची गाय. तरीसुद्धा पुष्कळ लोक सिंहाचा जीव घ्यायला धावत नाहीत. शेतकरी म्हणतो, सिंह आहे म्हणून रोही आणि रानडुक्कर माझ्या पिकाला कमी त्रास देतात. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांना रानडुकराचा त्रास वेगळा सांगायला नको.

आता तुम्ही विचाराल, सिंह एवढे वाढले, तर मग काळजी कसली?

काळजी अशी. समजा, एका शेतकऱ्याला यंदा भरपूर पीक आले. त्याने पुढच्या पेरणीचे सगळे बियाणे एकाच कणगीत भरले. कणगी गळ्यापर्यंत भरली. बघून त्याला मोठे समाधान वाटले. पण पावसाळ्यात त्या कणगीला ओल लागली, कीड लागली. आता पेरायचे काय? ज्याने निम्मे बियाणे माडीवर, निम्मे भावाच्या घरी ठेवले, तो वाचला. ज्याने एकाच कणगीत ठेवले, तो बुडाला. कणगी किती भरली आहे, हे बघून भागत नाही. कणग्या किती आहेत, हेही बघावे लागते.

देशातले ८९१ सिंह म्हणजे आपले एका कणगीतले बियाणे आहे.

आणि कीड एकदा लागलीही. २०१८ सालची गोष्ट. सप्टेंबर महिन्यात गीरच्या पूर्वेकडच्या दलखाणिया भागात मेलेले सिंह सापडू लागले. आज एक, उद्या दोन. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत त्या एका भागात २३ सिंह मेले. काही आपसांत भांडून मेले, असे आधी वाटले. मग रोगाची शंका आली. नमुने आपल्या पुण्याला आले. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी तपासले आणि रोग ओळखला. काही सिंहांच्या अंगात कुत्र्यांच्या रोगाचे विषाणू होते. या रोगाला डॉक्टर ‘डिस्टेंपर’ म्हणतात. काही सिंहांना गोचिडांपासून होणारा रक्ताचा रोगही झाला होता.

हा डिस्टेंपर कसला रोग? पोरांना गोवर येतो ना, त्याच जातीचा हा विषाणू. माणसाला तो बाधत नाही. कुत्र्याला बाधतो. कुत्र्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळते, ताप येतो, ते खोकते, पुढे झटके येतात. कुत्रे पिसाळते तो रोग वेगळा आणि हा वेगळा, हे लक्षात ठेवा.

कुत्र्याचा रोग सिंहापर्यंत कसा पोहोचतो? सिंह गावाच्या शिवेवर येतो. एखादे ढोर मारतो. पोटभर खाऊन बाजूच्या झाडीत जाऊन पडतो. तेवढ्यात गावातली मोकाट कुत्री येतात. त्याच मढ्याला तोंड लावतात. रात्री सिंह पुन्हा उरलेले खायला येतो. कुत्र्याची लाळ त्याच्या तोंडात जाते. झाले काम. बिबट्या एकटा राहतो, म्हणून त्याचा रोग बहुधा त्याच्याजवळच राहतो. सिंहाचे तसे नाही. सिंह कुटुंबाने राहतो. एका ताटात जेवतो, एकमेकांना चाटतो. घरात एकाला गोवर आला की सगळ्या पोरांना येतो, तसे होते.

त्या वेळी वनखात्याने धावपळ केली. आसपासचे सिंह पकडून वेगळे ठेवले. अमेरिकेतून लस मागवली. रोग पुढे पसरला नाही. पण तो सगळीकडे पसरला असता तर? आफ्रिकेत असे झालेले आहे. टांझानिया देशात सेरेंगेटी नावाचे अफाट माळरान आहे. तिथे १९९४ साली हाच रोग आला. तीन हजारांच्या आसपास सिंह होते. त्यांतले सुमारे एक हजार मेले. तीनांत एक. पण आफ्रिकेत सिंहाच्या कणग्या पुष्कळ आहेत. एका ठिकाणी रोग आला तरी दुसऱ्या देशात, दुसऱ्या रानात सिंह आहेत. आपल्याकडे तशी दुसरी कणगी कोठे आहे?

दुसरी एक गोष्ट शेतकऱ्याला लगेच समजेल. एकाच वळूची अवलाद पुन्हा पुन्हा त्याच कळपात वाढली तर काय होते? जनावर कमकुवत होते, रोगाला लवकर बळी पडते. म्हणून शहाणा माणूस दुसऱ्या गावचा वळू आणतो. गीरचे सगळे सिंह त्या मोजक्या उरलेल्या सिंहांची लेकरे आहेत. एकमेकांचे सगळे सगेसोयरे. बाहेरचे रक्त नाही. म्हणून एकाला जो रोग मारील, तो दुसऱ्यालाही मारील, अशी भीती जास्त.

तिसरी गोष्ट जागेची. गीरचे अभयारण्य आणि उद्यान मिळून सुमारे १,४०० चौरस किलोमीटर आहे. घर तेवढेच राहिले आणि कुटुंब वाढले. तेव्हा सिंह बाहेर पडले. आता निम्म्याहून जास्त सिंह या रानाबाहेर राहतात. शेतात, नदीच्या काठाने, समुद्रकिनाऱ्यापर्यंत. सौराष्ट्राच्या ११ जिल्ह्यांत त्यांचा वावर आहे. आणि बाहेर पडलेल्या सिंहाला बाहेरची संकटे भेटतात.

शेतात उघड्या विहिरी आहेत. रात्री सिंह हरणामागे धावतो आणि कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. पिपावाव बंदराकडे आगगाडीचा रस्ता गेला आहे. रुळांवर सिंह मरतात. रानडुकरासाठी शेताला विजेची तार लावतात, तिला सिंह चिकटतो. काही लोक चार पैशांसाठी कोंबडी नाहीतर वासरू बांधून ठेवतात आणि परगावच्या लोकांना चोरून सिंहाचा तमाशा दाखवतात. यात सिंहाची माणसाबद्दलची भीती मोडते. एकदा ती मोडली की एखाद्या दिवशी माणसाचा जीव जातो, आणि मग लोक सिंहाच्या जिवावर उठतात. २००७ साली तर चोरट्या शिकाऱ्यांनी गीरमध्ये सिंह मारले. ते नखे आणि हाडे विकणारे लोक होते.

मग यावर इलाज काय? इलाज कणगीचाच. दुसरी कणगी करायची. दुसऱ्या एखाद्या रानात सिंहांचे दुसरे घर वसवायचे.

हा विचार नवा नाही. शास्त्रज्ञांनी मध्य प्रदेशातले कुनो नावाचे रान निवडले. ते श्योपूर जिल्ह्यात आहे. सिंह येणार म्हणून त्या रानातली २४ गावे उठवली. दीड हजारांवर कुटुंबे होती. त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी. त्यांनी आपली घरे सोडली, विहिरी सोडल्या, देवस्थाने सोडली. कशासाठी? तर सिंह येणार. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की, सहा महिन्यांच्या आत काही सिंह कुनोला न्यावेत. त्याला आता बारा वर्षांच्या वर झाली. सिंह काही गेले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात त्या रानात आफ्रिकेतल्या नामिबियाहून चित्ते आणून सोडले.

गुजरातचे म्हणणेही ऐकले पाहिजे. एकाच बाजूचे ऐकून निवाडा करू नये. ते म्हणतात, आमच्या लोकांनी सिंह जिवापाड जपला, तो आमच्याकडे सुखात आहे, त्याचे आकडे वाढत आहेत. सिंह आपणहून नव्या जागी जातो आहे, त्याला पिंजऱ्यात घालून दूर का न्यावे? या म्हणण्यात तथ्य आहे. पोरबंदरजवळ बरडा नावाचे अभयारण्य आहे. तिथला शेवटचा सिंह १८७९ साली दिसला होता. २०२३ च्या जानेवारीत एक सिंह आपणहून चालत तिथे आला. २०२५ च्या मोजणीत बरड्यात १७ सिंह भरले. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण आमच्या मते एवढ्याने काम पुरे होत नाही. बरडा ही त्याच घरातली दुसरी कणगी झाली. घरालाच आग लागली तर दोन्ही जायच्या. त्याच मुलखातली कुत्री, तीच गुरे, तीच गोचीड. म्हणून एक कणगी भावाच्या घरी पाहिजे, दूरच्या रानात पाहिजे. सिंह एका राज्याचा नाही. तो आपल्या सगळ्यांच्या रुपयावर आहे. आणि कुनोच्या त्या दीड हजार कुटुंबांना दिलेला शब्दही पाळला गेला पाहिजे. ज्याच्यासाठी माणसाने घर सोडले तो पाहुणा आलाच नाही, याचे दुःख लहान नाही.

आता शेवटचा प्रश्न. एक बाई मघापासून मनात म्हणत असतील, “गुरुजी, आम्ही वाकोल्याला राहतो. आमचं गाव राहिलं कुठे, गीर राहिलं कुठे. आम्ही काय करणार?”

बाई, विचार बरोबर आहे. गीरच्या सिंहासाठी आपण येथून फार काही करू शकत नाही. पण ज्या गोष्टींनी सिंह मरतो, त्याच गोष्टींनी आपल्याकडचा बिबट्या आणि वाघ मरतो. तुमच्यापैकी कोणी कोकणातले आहेत, कोणी देशावरचे, कोणी विदर्भातले. सगळ्यांचे गाव आहे. सणासुदीला तुम्ही गावी जाता. तेव्हा चार गोष्टी घरच्यांना सांगा.

पहिली गोष्ट विहिरीची. जुन्नरकडे आणि नाशिककडे बिबटे विहिरीत पडतात, हे तुम्ही ऐकले असेल. विहिरीला कंबरेइतका कठडा बांधा. बिबट्या वाचेल, आणि आपले पोर आणि आपले वासरूही वाचेल.

दुसरी गोष्ट तारेची. डुकरासाठी शेताला विजेचा चालू प्रवाह लावू नका. विदर्भात अशा तारेने वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत. रात्री पाणी द्यायला गेलेला धनीच आपल्या तारेला चिकटतो. हा गुन्हाही आहे. सूर्याच्या उजेडावर चालणारे कुंपण मिळते. त्याने झटका बसतो, जीव जात नाही. रानाजवळच्या गावांना त्यासाठी सरकारी मदतीची योजना आहे. वनखात्याच्या कचेरीत जाऊन चौकशी करा. अर्ज आता तुम्हांला वाचता येईल.

तिसरी गोष्ट कुत्र्यांची. पाळलेल्या कुत्र्याला लस टोचून घ्या. पिसाळण्याचीही टोचा आणि डिस्टेंपरचीही टोचा. मेलेले ढोर शिवेवर उघडे टाकू नका, खोल पुरा. आणि हे तर इथे वाकोल्यातही लागू आहे. कचरा उघड्यावर टाकला की कुत्री जमतात. आपल्याकडे ती नाल्याच्या काठाने हिंडतात. आरे आणि बोरिवलीकडे तीच कुत्री बिबट्याला वस्तीत ओढून आणतात. बिबट्याला कुत्र्याचे मांस आवडते. तेव्हा रानाजवळच्या वस्तीत ज्याने कचरा टाकला, त्यानेच बिबट्याला आमंत्रण दिले असे समजा.

चौथी गोष्ट विषाची. बिबट्याने शेळी मारली, राग येतो. यायचाच. पण उरलेल्या मढ्यावर विष टाकू नका. त्याने बिबट्या मरेल, गिधाडे मरतील, गावची कुत्री मरतील, आणि रानात बिबट्या राहिला नाही तर डुकरे पीक खातील. आफ्रिकेत अशाच विषाने पुष्कळ सिंह मरतात. शेळी गेली तर पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. गोठ्याला रात्री पक्के दार लावा. बिबट्याला दार उघडता येत नाही.

मंडळी, सिंहाला मत देता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही. कोणते रान राखायचे आणि कोणते तोडायचे, हे माणूस ठरवतो. म्हणून वाचायला शिकलेल्या माणसावर जास्त जबाबदारी येते. वर्तमानपत्रात गीरची, कुनोची, ताडोब्याची बातमी आली की ती वाचा. सिंह किती झाले, हा आकडा बघा. मग लगेच दुसरा प्रश्न विचारा, ते किती ठिकाणी आहेत? जोवर उत्तर ‘एकाच मुलखात’ असे येते, तोवर काळजी मिटली असे समजू नका.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण पुरे करतो. पाटीवर लिहून घेतलेले आकडे घरी मुलांना वाचून दाखवा.